जपानी शस्त्रविद्येचीं भेंडोळीं

जपानी शस्त्रविद्या म्हटली म्हणजे आपल्याकडील वाचकांच्या डोळ्यांपुढें ज्यूदो, केंदो, कराटे हीं नांवें येतात. परंतु ज्या रूपानें या विद्या आज जगभर शिकविल्या जातात तें रूप इ. स. १८६८ च्या राज्यपरिवर्तनानंतर सिद्ध झालेलें आहे. त्यापूर्वींच्या सुमारें चार शतकांत जपानांत तलवार, भाला, धनुष्य, बंदूक, निःशस्त्र झोंबी इत्यादि विद्यांचे शेंकडों संप्रदाय नांदत होते, आणि ते आपल्या अधिकारी शिष्यांस लेख करून देत. अशा लेखांस तिकडे 'देन्शो' ही संज्ञा आहे. 'देन्' म्हणजे परंपरेनें हातीं देणें व 'शो' म्हणजे लेख. हे लेख बहुधा भेंडोळ्याच्या रूपांत असतात आणि जपानांतील जुन्या वस्तूंच्या बाजारांतून व लिलावांतून ते संग्राहकांच्या हातीं येत असतात. असें भेंडोळें उलगडून पाहणारास तें शस्त्रविद्येचें पाठ्यपुस्तक असावें असें वाटणें स्वाभाविक आहे. तो समज बरोबर नाहीं. तें भेंडोळें वस्तुतः काय आहे, त्यावरून काय सिद्ध होतें व काय होत नाहीं, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम संप्रदायासंबंधीं थोडें सांगितलें पाहिजे. जपानी भाषेंत संप्रदायास 'र्यू' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ प्रवाह असा आहे. अत्यंत जुन्या गणल्या जाणाऱ्या संप्रदायांपैकीं एक कातोरी येथील देवस्थानाशीं निगडित असून त्याचें पूर्ण नांव तेन्शिन् शोदेन् कातोरी शिंतो-र्यू असें आहे. त्याचा प्रवर्तक ईझासा चोइसाइ यानें देवस्थानांत एक सहस्र दिवस अनुष्ठान केलें व अखेरीस देवतेनें त्यास युद्धविद्येचा लेख प्रसादरूपानें दिला, अशी परंपरा आहे. परंपरेप्रमाणें त्याचा काळ इ. स. १३८७ ते १४८८ असा शंभर वर्षांहून अधिक येतो. तो कितपत ग्राह्य मानावयाचा हें ज्याचें त्यानें ठरवावें. मात्र एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे: या कथेंत देवानें विद्या दिली असें नुसतें म्हटलेलें नाहीं, लेख दिला असें म्हटलें आहे. संप्रदायाच्या आरंभींच कागद येतो. हा संप्रदाय आजही चालू असून इ. स. १९६० मध्यें चिबा प्रांताच्या सरकारनें त्यास सांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता दिली.

या संप्रदायांत शिकविण्याची मुख्य रीत म्हणजे 'काता', अर्थात् दोघांनीं मिळून करावयाचे ठरीव डाव. आपल्याकडील पट्ट्याचे हात ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस याची कल्पना सहज येईल. भेद इतकाच कीं जपानी डावांत बहुशः समोर प्रतिपक्षी असतो, आणि तलवारीच्या डावांत तो प्रतिपक्षी म्हणजे स्वतः गुरु अथवा वडील शिष्य असतो. गुरु वार करतो, शिष्य तो चुकवून जिंकतो. हरण्याचें काम नेहमीं गुरूकडे. वार किती वेगानें व किती जवळून करावयाचा हें गुरु शिष्याच्या तयारीप्रमाणें बदलीत जातो. डावाचें खरें मर्म या बदलण्यांत असतें, आणि तें कागदावर उतरत नाहीं.

आतां भेंडोळ्याकडे वळूं. शिष्याची प्रगति होईल त्या मानानें त्यास निरनिराळे लेख मिळत. आरंभीं 'किरिगामि', म्हणजे कापलेल्या कागदाचा एक तुकडा. नंतर 'मोकुरोकु', म्हणजे यादी. पुढें 'मेन्क्यो', म्हणजे परवाना. आणि अखेरीस 'काइदेन्', म्हणजे सर्व विद्या हातीं दिल्याचा दाखला. कांहीं संप्रदाय यासाठीं बौद्ध परिभाषेंतील 'इन्का' हा शब्द योजतात. पायऱ्यांचीं नांवें व संख्या संप्रदायागणिक भिन्न असल्यामुळें एकाचा 'मोकुरोकु' दुसऱ्याच्या 'मेन्क्यो'च्या तोडीचा असूं शकतो. संग्राहकांच्या हातीं अधिक येतात ते मोकुरोकु, म्हणून त्यांची रचना नीट समजून घ्यावी.

मोकुरोकूच्या आरंभीं कधीं कधीं लहानशी प्रस्तावना असते. ती पुष्कळदा चिनी धाटणीच्या जड भाषेंत असते. त्यानंतर उभ्या ओळींत डावांचीं नांवें येतात. नांवांखालीं बारीक अक्षरांत ठिकठिकाणीं एकच शब्द आढळतो: 'कुदेन्', म्हणजे मुखानें सांगावयाचें. नांवें संपलीं कीं गुरुपरंपरा, मग वर्ष-मास, देणाराचें नांव, त्याचें 'काओ' म्हणजे चितारलेली निशाणी, लाल शिक्का, आणि सर्वांत शेवटीं घेणाराचें नांव व त्यापुढें आदरार्थी 'दोनो' हा प्रत्यय. इतकेंच. तलवार कशी धरावी, पाय कोठें टाकावा, याविषयीं बहुतेक मोकुरोकूंत एक अक्षरही नसतें. जें महत्त्वाचें तेथें 'कुदेन्' लिहून लेखक मोकळा होतो.

यावरून हें उघड होईल कीं मोकुरोकूची जात ग्रंथाची नसून सनदेची आहे. आपल्या दफ्तरांतील सनदेंत गांवाचीं शेतें वर्णिलेलीं नसतात. कोणी, कोणास, केव्हां, काय दिलें एवढें नोंदवून शिक्का व मोर्तब होतें. तोच प्रकार येथें आहे. ज्यास तें मिळालें त्यास त्या नांवांचा अर्थ आधींच ठाऊक होता; त्याच्या अंगीं तो वर्षानुवर्षें मुरलेला होता. त्यास यादी पुरे होती, आणि तिऱ्हाइताच्या हातीं ती पडली तरी विद्या बाहेर जाण्याचें भय नव्हतें.

तिऱ्हाइताच्या हातीं यादी पडल्याचें एक उदाहरण इतिहासांत नमूद आहे व तें फार बोधप्रद आहे. सोळाव्या शतकांत जपानी व चिनी चांच्यांनीं मिंग साम्राज्याच्या किनाऱ्यावर धुमाकूळ घातला होता. त्यांचा बीमोड करणारा सेनापति छी जीग्वांग याच्या हातीं एका लढाईंत जपानी तलवारीच्या संप्रदायाचा मोकुरोकु लागला. त्यानें वर्ष दिलें आहे तें साठ संवत्सरांच्या चिनी चक्रांतील अठ्ठावन्नावें, म्हणजे इ. स. १५६१. हा लेख कागे-र्यू, म्हणजे 'छाया-संप्रदाय', याचा होता. सेनापतीनें तो आपल्या युद्धग्रंथाच्या उत्तरकालीन आवृत्तींत घातला, व तेथून माओ युआन्यी यानें इ. स. १६२१ च्या 'वूपेइ-ज्र' नामक प्रचंड युद्धकोशांत उतरून घेतला. छापील पानांवर प्रथम जपानी वळणदार अक्षरांतील मजकूर येतो. चिनी नक्कलकारास ती लिपि अपरिचित असल्यामुळें अक्षरें तुटलीं आहेत, ओळी विस्कळित झाल्या आहेत, आणि पुष्कळ भाग वाचतांना तर्कच करावा लागतो. पुढें तलवारी घेतलेल्या वानरांचीं चित्रें आहेत.

हे वानर कोठून आले? संप्रदायाचा प्रवर्तक आइसु इकोसाइ (इ. स. १४५२–१५३८) यास ह्यूगा प्रांतांतील उदो येथील गुहेंत अनुष्ठान करीत असतां देवतेनें वानररूपानें दर्शन दिलें, अशी कथा आहे; आणि यादींतील पहिल्या डावाचें नांव 'एन्पि', म्हणजे वानराची झेंप, व दुसऱ्याचें 'एन्काइ', म्हणजे वानराचें गिरकी घेणें, असें आहे. ही कथा व हीं नांवें ठाऊक नसतील तर चिनी ग्रंथांतील वानर हा नुसता विनोद वाटेल. टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयांत याच संप्रदायाचा एक मोकुरोकु आहे. त्यामुळें चिनी छापील पाठ जपानी पाठाशीं ताडून पाहण्याची सोय झाली आहे. मिंग सेनापति हा शस्त्रज्ञ होता, मूर्ख नव्हता. जपानी तलवारीची मातबरी त्यानें रणांगणावर अनुभवली होती व आपल्या सैन्यास त्याच धर्तीची लांब तलवार त्यानें दिली. तरीसुद्धां त्या यादीवरून कागे-र्यू चीनमध्यें चालू झाली नाहीं. नांवें गेलीं, विद्या गेली नाहीं.

जपानांत मात्र हीच विद्या निराळ्या मार्गानें पुढें गेली. कामिइझुमि इसे-नो-कामि नोबुत्सुना यानें अनेक जुन्या संप्रदायांचा अभ्यास करून कागे-र्यूंतून आपला शिन्कागे-र्यू, म्हणजे 'नवा छाया-संप्रदाय', काढला. त्यानें यामातो प्रांतांतील याग्यू गांवचा सरदार मुनेयोशि यास इ. स. १५६५ मध्यें इन्का दिला व पुढील वर्षीं चार भेंडोळ्यांचा 'कागे-मोकुरोकु' लिहून दिला. त्यांतही 'एन्पि' हा डाव आहे; परंतु आतां तो ज्या अक्षरांनीं लिहिला आहे त्यांचा अर्थ 'वानराची झेंप' असा नसून 'पाकोळीचें उड्डाण' असा होतो. उच्चार एक, अक्षरें निराळीं. हा लेखकाचा प्रमाद आहे काय? आमच्या मतें नाहीं. मौखिक परंपरेंत नांव कानानें जातें, आणि प्रवर्तक आपल्या दृष्टीस अनुकूल अक्षरें त्यास चढवितो. परंतु जो संशोधक केवळ अक्षरें पाहून दोन याद्यांतील डाव भिन्न ठरवील तो फसेल. उलटपक्षीं जो केवळ उच्चार पाहून ते एकच ठरवील तोही फसूं शकेल. दोन्ही पाठांमागील हालचाल पाहिल्यावांचून निर्णय नाहीं, आणि कागे-र्यूची मूळ हालचाल आज कोणासही पाहावयास मिळत नाहीं.

याग्यू घराण्याच्या कागदांपैकीं आणखी एक येथें उल्लेखिला पाहिजे. मुनेयोशीनें इ. स. १६०१ मध्यें 'नो' नाट्याच्या कोंपारु घराण्यांतील नट शिचिरो यास चित्रमय मोकुरोकु दिला. तो नारानजीकच्या इकोमा येथील होझान्-जी या मंदिरांत आहे. त्यांत जोडीजोडीनें लढणाऱ्या आकृति असून एका प्रकरणांत प्रतिपक्षी म्हणून पंख असलेले 'तेंगू' नांवाचे वनपिशाच काढले आहेत. नटास तलवारीची सनद कां, असा प्रश्न कोणी करील. पाऊल टाकण्याची व देह सांभाळण्याची कला दोघांचीही होती, एवढें उत्तर पुरे. मुनेयोशीचा पुत्र मुनेनोरि हा तोकुगावा शोगुनांचा तलवारीचा शिक्षक झाला. त्यानें इ. स. १६३२ मध्यें लिहिलेला 'हेइहो कादेन्शो' हा ग्रंथ आज अनेक भाषांत वाचला जातो. वाचणारे 'मारणारी तलवार' व 'जगविणारी तलवार' या दोन भागांवर बोलतात. त्यांच्या आधींचा 'शिन्रिक्यो' हा भाग मात्र बहुधा चाळून सोडून देतात, कारण तो मुख्यतः डावांची यादी आहे. त्याच्या नांवाचा अर्थ 'पादुका पुढें करण्याचा पूल' असा असून तें एका चिनी आख्यायिकेवरून घेतलें आहे: म्हाताऱ्यानें पुलाखालीं टाकलेलें पायताण तरुणानें निमूटपणें आणून दिलें, तेव्हां त्यास युद्धशास्त्राचा ग्रंथ लाभला. सेवा आधीं, पोथी मागाहून. हा क्रम आपल्या वाचकांस समजावून सांगण्याची जरुर नाहीं.

मियामोतो मुसाशी याच्या 'गोरिन्-नो-शो' या पांच भेंडोळ्यांच्या ग्रंथाविषयीं येथें विस्तार करीत नाहीं. तो त्यानें मृत्यूच्या वर्षीं, इ. स. १६४५ मध्यें, आपल्या शिष्यास दिला. पण त्याच्या हातची मूळ प्रत उपलब्ध नाहीं, सर्व पाठ पुढील नकलांवरून सिद्ध केलेले आहेत. 'मुसाशीचें हस्ताक्षर' म्हणून या ग्रंथाचें भेंडोळें कोणी पुढें केल्यास संग्राहकानें एवढें ध्यानांत ठेवावें.

सनदेस जोडून शपथपत्र असे. विद्या इतरांस दाखविणार नाहीं, गुरूच्या अनुज्ञेवांचून कोणाशीं सामना करणार नाहीं, अशा अटी लिहून शिष्य खालीं नांव घाली व बोटास टोंचून त्यावर रक्ताचा ठसा उमटवी. कातोरी येथें ही रीत आधुनिक काळांतही पाळली गेली आहे. जपानी शपथपत्रांचा जुना सांचा इ. स. १२३२ च्या कामाकुरा कायद्याच्या अखेरीस सांपडतो. तेथें शपथ मोडणारास दंड करण्यासाठीं ज्या देवतांस आवाहन केलें आहे त्यांत आरंभीं 'बोंतेन्', 'ताइशाकुतेन्' व चार दिक्पाल महाराज आहेत. बोंतेन् म्हणजे ब्रह्मदेव, ताइशाकुतेन् म्हणजे शक्र, अर्थात् इंद्र. जपानी योद्धा इंद्राच्या नांवानें शपथ घेत असे हें वाचून आपल्याकडील वाचकांस कौतुक वाटेल.

असेच आणखी दुवे आहेत. योद्ध्यांची आवडती देवता 'मारिशितेन्' ही बौद्धांची मारीची होय; वराहांच्या रथांत बसलेल्या तिच्या पालकालीन मूर्ति मगध प्रदेशांत सांपडतात. कांहीं भेंडोळ्यांवर व तलवारीच्या पात्यांवर सिद्धम् लिपींतील बीजाक्षरें असतात. ही लिपि आपल्या नागरीची नातलग असल्यामुळें थोड्या सरावानें तीं ओळखतां येतात, परंतु उच्चार पुष्कळ बदलला आहे. अचलनाथाचें 'हां' हें बीज जपानी तोंडीं 'कान्' होतें. होर्यू-जी विहारांत जतन झालेलीं ताडपत्रें माक्स म्युल्लर व बुन्यू नान्जिओ यांनीं इ. स. १८८४ मध्यें ऑक्सफर्ड येथून प्रसिद्ध केलीं, तेव्हां त्यांच्या लिपीची चिकित्सा बुल्हर यांनीं केली होती. हे बुल्हर म्हणजे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत प्राध्यापक असलेले व मुंबई इलाख्यांत हस्तलिखितें धुंडाळणारे पंडित. जपानांतील भारतीय अक्षरांचा अभ्यास या वाटेनें आपल्या प्रांताशीं जोडलेला आहे. तथापि येथें एक इशारा देणें अवश्य आहे. देवता व बीजाक्षरें भारतांतून गेलीं म्हणून तलवारीचे डावही येथूनच गेले, असें अनुमान उत्साहाच्या भरांत काढलें जातें. त्यास आधार नाहीं. शपथेंतील इंद्र निराळा आणि मनगटाची फिरकी निराळी.

सर्वांत जपून वाचावयाचा भाग गुरुपरंपरेचा. तींत आरंभीं देवता, मग कुरामा डोंगरावर तेंगूंकडून विद्या शिकलेला म्हणून प्रसिद्ध असलेला मिनामोतो योशित्सुने, मग एखादा भिक्षु, आणि तेथून दोनतीन पिढ्यांत देणारा गुरु, असा थाट पुष्कळ ठिकाणीं दिसतो. वतनदारांच्या कैफियती ज्यांनीं चाळल्या आहेत त्यांस हा प्रकार नवा नाहीं. हिनात्सु शिगेताका याचा 'होन्चो बुगेइ शोदेन्' हा शस्त्रगुरूंचा चरित्रसंग्रह इ. स. १७१६ मध्यें छापून निघाला. त्यांतही कथा व वृत्त यांची सरमिसळ आहेच, तरी तुलनेस तो उपयोगी पडतो. आमची रीत अशी सुचवावीशी वाटते कीं परंपरा शेवटाकडून वाचीत वर जावें. देणाराचें व घेणाराचें नांव त्या संस्थानाच्या चाकरमान्यांच्या यादींत सांपडतें काय तें पाहावें. अशा 'बुगेन्चो' नामक यादींत प्रत्येकाचें वेतन तांदुळाच्या मापांत दिलेलें असतें. तेथपर्यंत भूमि पक्की. नंतर जेथवर दुसऱ्या स्वतंत्र कागदाचा दुजोरा मिळेल तेथवरच चढावें.

याच कारणासाठीं भेंडोळ्याचा शेवटला हातभर भाग हा त्याचा प्राण होय. चित्रें असलेला भाग कापून चौकटींत बसविला आणि तिथि, निशाणी व घेणाराचें नांव असलेला भाग टाकून दिला, तर उरतें तें केवळ शोभेचें चित्र. एकाच शिष्यास क्रमाक्रमानें मिळालेले लेख एकत्र असल्यास ते कदापि वेगळे विकूं नयेत व विकत घेऊंही नयेत. किरिगामि व काइदेन् यांच्या तिथींमधील अंतरावरून त्या माणसानें किती वर्षें घालविलीं हें कळतें.

हे कागद घराबाहेर कसे पडले तें थोडक्यांत सांगतां येईल. इ. स. १८७१ मध्यें संस्थानें खालसा झालीं, संस्थानी शस्त्रगुरूंचीं वेतनें बंद पडलीं, इ. स. १८७६ मध्यें सामान्यतः तलवार बाळगण्यास बंदी झाली. शिकणारेच उरले नाहींत तेव्हां कित्येक संप्रदाय एकाच पिढींत संपले. इ. स. १८९५ मध्यें क्योटो येथें स्थापन झालेल्या दाइ-निप्पोन् बुतोकुकाइ या संस्थेनें शस्त्रविद्येस आश्रय दिला खरा, पण तिचा ओढा पुढें एकसांची शिक्षणाकडे झाला, महायुद्धानंतर, इ. स. १९४६ मध्यें, तीही विसर्जित झाली. जुन्या संप्रदायांची परिस्थिति सुधारावी म्हणून इ. स. १९३५ व १९७९ मध्यें स्वतंत्र मंडळें निघालीं, व त्यांच्या आश्रयानें कांहीं संप्रदाय टिकून आहेत.

या पडझडीच्या काळांतच कानो जिगोरो (इ. स. १८६०–१९३८) हे तेन्जिन् शिन्यो-र्यू नामक झोंबीच्या संप्रदायांत शिकूं लागले. इ. स. १८७९ मध्यें त्यांचे गुरु फुकुदा हाचिनोसुके वारले आणि त्यांच्या घरच्यांनीं संप्रदायाचीं भेंडोळीं कानो यांच्या स्वाधीन केलीं. कागद सर्व हातीं आले. कानो हे टोकियो विद्यापीठाचे विद्यार्थी, वाचनांत निष्णात. तरी त्यांनीं तीं भेंडोळीं घेऊन आखाडा चालविण्यांत समाधान मानलें नाहीं. ते त्याच संप्रदायाच्या इसो मासातोमो यांच्याकडे गेले, आणि इसो इ. स. १८८१ मध्यें निवर्तल्यावर कितो-र्यूच्या ईकुबो त्सुनेतोशि यांच्याकडे. पुढें इ. स. १८८२ मध्यें त्यांनीं कोदोकान् स्थापून ज्यूदोचा पाया घातला. सनदांऐवजीं 'दान्' नांवाच्या श्रेणी देण्याची रीतही त्यांचीच, इ. स. १८८३ पासूनची.

कितो-र्यूचे एकवीस डाव कानो यांनीं 'कोशिकि-नो-काता' या नांवानें कोदोकान्‌मध्यें जसेच्या तसे राखले. पहिले चवदा व मागाहूनचे सात. चिलखत घातलेल्या दोन योद्ध्यांची झोंबी कल्पून ते रचलेले आहेत, म्हणून चाल संथ व जड आहे. त्यांचीं नांवें कागदावर वाचलीं तर 'स्वप्नांत', 'सायंकाळची सर', 'बर्फानें मोडणें', 'खडकावरील लाट' अशीं आहेत, व त्यांवरून कोणासही कांहीं उमगणार नाहीं. 'स्वप्नांत' हा दुसरा डाव आहे. कोदोकान्‌मध्यें तो आजही दोघे करून दाखवितात.